जाळरेषा दुसऱ्यांदा झाडायला हवी

मा. संपादक,

महोदय,

वनमहोत्सवात किती रोपे लावली याचे आकडे दर जुलैत छापून येतात. त्यांतली किती पुढच्या मे महिन्यात जिवंत होती आणि त्याच तालुक्यातले किती रान फेब्रुवारी-मार्चमध्ये जळाले, हे दोन आकडे मात्र कुठे दिसत नाहीत. जंगल राखून कार्बन उत्सर्जन कमी करायचे असेल तर खरे महत्त्व याच दोन आकड्यांना आहे.

हिशेब करून पाहावा. झाडाच्या कोरड्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो, त्याला ३.६७ने गुणले की कार्बन डायऑक्साइड मिळतो. समजा, गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या दाट रानात हेक्टरी २०० टन कोरडे वजन उभे आहे. म्हणजे सुमारे ३४५ टन कार्बन डायऑक्साइड तिथे अडून राहिला आहे. आता दर तीन मीटरवर एक याप्रमाणे हेक्टरी ११०० रोपे लावली, पाच वर्षांनी ६०० जगली आणि प्रत्येकाचे कोरडे वजन दहा किलो झाले असे धरा. जमेला येतो जेमतेम दहा टन कार्बन डायऑक्साइड. तोडलेल्या एका हेक्टर जंगलाच्या बदल्यात दोन हेक्टर रोपे लावून भरपाई होते असे सांगितले जाते तेव्हा हे गणित कुणी मांडत नाही. विकसनशील देशांसाठी २०१०मध्ये कानकुन इथे ठरलेल्या, जंगलांतून होणारे उत्सर्जन कमी करण्याच्या ‘रेड प्लस’ चौकटीतल्या पाच कामांत जंगलतोड रोखणे पहिले, असलेल्या जंगलाचा ऱ्हास थांबवणे दुसरे आणि नवा साठा वाढवणे अगदी शेवटी आहे.

गोव्यात हा ऱ्हास मुख्यतः आगीतून होतो. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणून पाणी ओतावे लागले. आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत पसरते. माट्टी, किंदळ, नाणा यांची मोठी झाडे तगतात, पण पाचोळा, बी आणि गुडघाभर वाढलेली रोपे संपतात. मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी हे परके झुडूप माजते, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत वाळून सरपण होते आणि पुन्हा पेट घेते. चार-पाच वर्षे असे झाले की म्हाताऱ्या झाडांच्या जागी यायला एकही तरुण झाड उरत नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र वरचे छत्र हिरवेच दिसते. शिवाय वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठी आणि निदान दहा टक्के छत्र असलेली कोणतीही जागा वनाच्छादन धरली जाते. त्यात काजूच्या आणि माडाच्या बागायतीही येतात. त्यामुळे राज्याच्या साठ टक्के वनाच्छादनाचा दाखला देऊन निर्धास्त राहता येणार नाही.

आगीची सूचना उपग्रहावरून मोबाइलवर येते, हे चांगलेच आहे. पण त्या नोंदीतला एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि दाट छत्राखालची लहान आग त्याला दिसेलच असे नाही. भरवसा ठेवायचा तो जाळरेषेवर, म्हणजे आग अडवण्यासाठी पाचोळा झाडून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर. पायवाटांच्या कडेने तीन मीटर आणि काजूच्या हद्दीला किमान सहा मीटर रुंद पट्टा मातीपर्यंत झाडलेला हवा. नेमकी चूक होते ती इथे. डिसेंबरात एकदा पट्टा झाडला की काम संपल्याची नोंद होते. पण मुख्य पानगळ त्यानंतरची. फेब्रुवारीत त्याच पट्ट्यावर वीतभर पाचोळा साचलेला असतो आणि आग सरळ ओलांडून जाते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या झाडणीची तरतूद आजच करायला हवी.

काजू बागायतदारांना दोष देऊन भागणार नाही. बोंडे वेचण्यासाठी झाडाखालची जागा मोकळी लागते, मजुरी परवडत नाही, म्हणून काडी लावली जाते. काजूची बरीचशी मुळे वरच्या थरात असल्याने ती आग बागेचेही नुकसान करते. पाऊस संपताच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यंत्राने गवत कापावे, पाचोळा उताराला आडव्या चरांत भरावा. त्या मजुरीला अनुदान दिले तर ते रोपांवरच्या खर्चापेक्षा सत्कारणी लागेल असे आमचे ठाम मत आहे.

जळालेल्या रानात लगेच खड्डे खणू नयेत. आधी ५.६४ मीटर त्रिज्येची दहा वर्तुळे आखावीत. प्रत्येक वर्तुळ बरोबर शंभर चौरस मीटरचे होते. आतली वीतभर उंचीची देशी रोपे आणि फुटवे मोजून सरासरीला शंभराने गुणावे. वर्तुळात सात-आठ सापडली तर हेक्टरी सात-आठशे झाली. तिथे लागवडीची गरजच नाही. रोपांशेजारी काठ्या रोवाव्यात, भोवतीची मीटरभर जागा स्वच्छ ठेवावी, बुंध्याला फुटलेल्या पाच-सहा धुमाऱ्यांपैकी जोमदार एक-दोन राखावेत आणि तीन वर्षे चराई बंद ठेवावी. नायजरमधल्या शेतकऱ्यांनी असे बुंध्यांचे फुटवे राखूनच सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर झाडे परत आणली. रानमोडी जुलै-सप्टेंबरात, माती भुसभुशीत असताना आणि फुलण्याआधी, मुळासकट उपटावी. वरून कापली तर ती दुप्पट फुटते.

जिथे खरोखर काहीच उरले नाही तिथेच लागवड करावी. ४५ सेंटिमीटरचे खड्डे मे महिन्यात तयार हवेत, रोपे जूनअखेर जमिनीत जायला हवीत. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाची मुळे पाऊस ओसरण्याआधी पुरेशी खोल जात नाहीत, ते एप्रिलमध्ये करपते. पिशवीत मुळांचा वेटोळा झालेले जुने रोप घेऊच नये. अ‍ॅकेशिया लवकर हिरवळ दाखवतो, पण त्याचा पाला सावकाश कुजतो आणि उन्हाळ्यात पेटायला तयार असतो. सड्यांवर तर झाडे लावूच नयेत; कातळावरची पावसाळी फुले आणि गवत हेच तिथले मूळचे जीवन आहे.

वनखात्याकडे मागणी एवढीच, की प्रत्येक लागवडीचा सर्व्हे क्रमांक आणि पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या वर्षी जगलेल्या रोपांची संख्या जाहीर करावी. त्याच तक्त्यात जाळरेषेची लांबी आणि ती दोन्ही वेळा झाडल्याच्या तारखाही असाव्यात.

आपले,
काही वाचक,
वाळपई, सत्तरी