आई, गाडीतलं पोतं काढ

आई, बाबा,

नमस्कार. फोनवर हे बोलता येत नाही, काऊन की तुमचा स्पीकर चालू असतो अन् शेजारच्या काकू तिथंच बसल्या असतात, म्हणून लिहून राहिली.

दिवाळीत बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणायला मी कारंज्याला गेली होती अन् यायला उशीर झाला, तेव्हा पंक्चर झालं म्हणाली ना? पंक्चर नव्हतंच. येताना सोयाबीनच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला एक्सिलेटर दाबला, पुढं गेली, पाय उचलला, अन् पेडल वर आलाच नाही. इंजिन नुसतं ओरडून राहिलं, काटा 70 च्या पुढं चालला अन् समोर कापसाची बैलबंडी. मी घाबरून ब्रेक तीन-चारदा मारला, तर तो दगडासारखा कडक झाला. मला वाटलं ब्रेकही गेला. मंग डावा पाय आपोआप क्लचवर गेला, गियर काढून न्यूट्रल केलं, ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली, तेव्हा कुठं गाडी तुरीच्या धुऱ्याला लागून थांबली. बंडीवाला मागं वळून बघून हसला, त्याला वाटलं नवशिकी दिसते.

चावी बंद करून खाली वाकून पाहिलं तर काय, आई, तू चिखल लागू नये म्हणून रबरी मॅटवर टाकलेलं पोतं! ते पुढं सरकलं होतं अन् त्याचं टोक पेडलवर चढून बसलं होतं. रागावली नाही मी, काळ्या मातीचा चिखल कसा असतो ते मलाही माहीत आहे. पण मॅटवर मॅट टाकायचीच नाही. अमेरिकेत 2009 मध्ये सॅन दिएगोजवळ मॅटमध्येच पेडल अडकून अख्खी फॅमिली गेली, त्यानंतर लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या.

बाबा, तुम्ही म्हणाल मी 40 वर्षं गाडी चालवतो. पण ब्रेक कडक काऊन झाला ते ऐका. पेट्रोल गाडीत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिनच्या ओढीतून येतो, एक्सिलेटर पूर्ण उघडा राहिला की तो नवीन बनत नाही, साठलेला असतो तो दोन-तीनदा दाबला की संपला. म्हणून ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीनं, अन् सोडायचा नाही. सोबत क्लच अन् न्यूट्रल. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या, गाडी थांबेल ना. पण चालत्या गाडीत चावी काढायची नाही म्हणजे नाही, स्टिअरिंग लॉक होतं, मंग धुराही नाही अन् रोडही नाही.

अन् दादा ती ऑटोमॅटिक गाडी पाठवून राहिला, त्याचं मला जास्त भेव वाटते. तिच्यात क्लच नाही, तुमचा डावा पाय क्लच शोधत बसेल. दांडा D (चालायचा गियर) वरून N (न्यूट्रल) वर ढकलायचा, एवढंच लक्षात ठेवा. बटनानं चालू होणारी गाडी चालताना एका टिचकीनं बंद होत नाही, बऱ्याच गाड्यांत बटन काही सेकंद दाबून धरावं लागते, पण तेही N होतच नसलं तरच, काऊन की स्टिअरिंग जड होऊन बसते. समृद्धीवर 120 ची लिमिट आहे म्हणून दादा क्रूझ (एक्सिलेटरवर पाय न ठेवता गाडी एकाच स्पीडनं चालते ते) लावायला शिकवेल. ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटायला पायजे, नाही सुटलं तर स्टिअरिंगवरचं बटन, तेही नाही चाललं तर तेच, N अन् ब्रेक. पाऊस असला तर क्रूझ लावूच नका.

शाळेच्या ग्राउंडवर संध्याकाळी कोणी नसते, तिथं 20 च्या स्पीडनं दहा वेळा N करून पाहा. आई, तू बाजूला बस अन् मोज, बाबा चारवर थांबून दहा झाले म्हणतील.

जुन्या गाडीची एक्सिलेटरची केबलही मेकॅनिकला दाखवा, गोठ्याजवळ उभी असते, उंदरं अन् गंज दोन्ही आहेत.

नवीन मॅट एसटीच्या पार्सलनं पाठवली आहे, तिला मागून दोन भोकं आहेत, ती खालच्या हुकात बसवायची. बसवली की फोटो पाठव, आई. पोतं गाईखाली टाक.

तुमची
बेबी