रविवारी नाणी आणताना

सभासदहो,
या रविवारी पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये पाहायचे आहेत. कृपया नाणी चकचकीत करून आणू नका. टूथपेस्ट तर मुळीच नको! वर्षानुवर्षांचा काळसर थर घासला गेला की प्रत उतरते आणि भावही पडतो. दरवेळी सांगूनही कोणीतरी आणतोच.

१९११ चा रुपया असेल तर जरूर आणा. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून गहजब झाला आणि पुढे चित्र बदलावे लागले. भिंगातून सोंड नीट पाहू.

मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली ठिपका असेल तर मुंबई टांकसाळ, नसेल तर कलकत्ता. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवे. काटा आहे, भिंग आपापले आणा.