गडकरी साहेब, इथेनॉलच्या हिशेबात माळव्याचा सोयाबीनही धरा

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

सप्रेम नमस्कार.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचे दर आणि खरेदी पेट्रोलियम खात्याकडे आहेत, हे ठाऊक आहे. तरी आपल्यालाच लिहितो आहे, कारण जैवइंधनाचा आग्रह आपण वर्षानुवर्षं जोरात धरला आहे आणि आपल्याशी मराठीत बोलता येतं.

मी इंदूरचा. जैवइंधन कसं असावं, हे आमच्या देवगुराडियाला दिसतं. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. त्यातून सुमारे 17 हजार किलो गॅस आणि 100 टन खत निघू शकतं. हाच कचरा ढिगात कुजला असता तर मिथेन सुटला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवतो. म्हणजे मिथेन अडला, वर खनिज इंधनही वाचलं. त्यासाठी ना शेत लागलं, ना विहिरीचं पाणी. हे जमलं ते घरोघरच्या बायाबापड्या ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकतात म्हणून. त्यांच्या या रोजच्या कष्टाची किंमत कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मक्याचं गणित वेगळं आहे. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे 71 रुपये 86 पैसे भाव ठरला. लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. लिटरभर पेट्रोलएवढ्या ऊर्जेला दीड लिटर इथेनॉल धरलं तर खर्च 108 रुपयांच्या घरात जातो, तोही करांआधी. नीती आयोगाच्या अभ्यासानुसार मक्याच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत उत्सर्जन 50 टक्के घटतं, उसाच्या इथेनॉलमुळे 65 टक्के. ही घट मी कमी लेखत नाही. पण तिची किंमत कोण मोजतो, ते माळव्यात येऊन बघा.

इथेनॉल काढल्यावर मक्याचा जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो डीडीजीएस म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात जातो. त्याने सोयापेंडीचं, म्हणजे सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचं, गिऱ्हाईक पळवलं. पेंड उठली नाही की सोयाबीनचा भाव बसतो. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि आमच्या मंड्यांत सोयाबीन बराच काळ त्याच्या खाली विकला गेला. अशात शेतकरी मक्याकडे वळला तर त्याला दोष कसा द्यायचा? पण खाद्यतेल आपण निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो, आणि 2024 मध्ये तर मकाही आणावा लागला. कच्च्या तेलाची आयात वाचल्याचं सांगताना हेही त्याच पानावर लिहायला हवं.

उरलं तळणीचं तेल. सराफा आणि छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्ल्यांत रोज किती कढया चढतात, ते खवय्याला सांगायला नको. पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे घटक, 25 टक्क्यांवर गेलेलं तेल पुन्हा वापरू नये, हा नियम 2018 पासून आहे. या तेलापासून बायोडिझेल होतं. 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरलंय, आणि आज आपण एक टक्क्याच्याही खाली आहोत. कढईवाल्याला या वापरलेल्या तेलाचा भाव ते विकत घेणारा छोटा ठेलेवाला देतो त्यापेक्षा जास्त मिळाला, तर ते परत कुणाच्या पोटात जाणार नाही.

म्हणून विनंती आहे: जैवइंधनाचे दर पिकावर न ठरवता वाचलेल्या उत्सर्जनावर ठरवावेत, आणि त्या रांगेत ओला कचरा, शेतातला काडीकचरा, वापरलेलं तेल हे मका-तांदळाच्या पुढे असावेत. मंत्रिमंडळात हा विषय आपणच मांडावा.

आपला,
एक इंदूरकर