मागण्याआधी आराधना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ख्रिस्ती प्रार्थनेवरील आपला लेख वाचला. मागणे आणि उपकारस्तुती यांवर त्यात पुष्कळ आहे, आराधनेवर एक ओळही नाही. याची रुखरुख लागली म्हणून हे पत्र.

देवाने दिले त्याबद्दल आभार मानणे ही उपकारस्तुती. तो जसा आहे तसा त्याला थोर मानणे ही आराधना. नुसते आभारच मानत राहिले, की मिळणे थांबताच तोंडही मिटते. बायबलमधला नीतिमान ईयोब देवाला काय फुकट भजतो, हा सैतानाचा सवाल (ईयोब १:९) याच दुखण्यावर बोट ठेवतो. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही आधी देवाचे नाम, राज्य आणि इच्छा येते, भाकर त्यानंतर.

सुरुवातीला रोज दहा मिनिटे पुरतात. बायबलमधले स्तोत्र १४५ घ्यावे. त्याच्या २१ वचनांत एकही मागणे नाही. चार-पाच वचने मोठ्याने वाचून एकच गुण निवडावा आणि ‘तो’च्या जागी ‘तू’ म्हणावे: ‘तू मंदक्रोध आहेस.’ मग त्या शब्दापाशी थांबावे. मंदक्रोध म्हणजे ज्याला राग येतच नाही असा नव्हे. जो रागाला उशीर लावतो असा. योना संदेष्टा नेमका याच गुणावर चिडला (योना ४:२), कारण त्यामुळे शत्रूचे निनवे शहर वाचले. आपल्यालाही देवाचा जो गुण जड जातो, तिथे जास्त वेळ द्यावा. नाहीतर आपण आपल्या सोयीच्या देवापुढेच वाकत राहतो.

दोन मिनिटांत शब्द संपतात आणि ‘पवित्र, महान, सामर्थ्यवान’ अशी विशेषणांची माळ सुरू होते. गुण घटनेपासून सुटला की असे होते. स्तोत्र १३६ मध्ये ‘त्याची दया सनातन आहे’ हे २६ वेळा येते, पण बहुतेकदा एखाद्या कृतीला जोडून. तसेच आपणही करावे. मन मागण्यांकडे वळले तर जवळच्या कागदावर एक शब्द टिपून परत यावे.

रोज काय घ्यावे हे सुचत नसेल, तर १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीतील (ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणारी पुस्तिका) चौथे उत्तर पाहावे. अस्तित्व, ज्ञान, सामर्थ्य, पवित्रता, न्याय, चांगुलपणा, सत्य: आठवड्याचे सात दिवस भरतात.

दुःखात मात्र उसना आनंद आणू नये. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी त्याची पहिली हाक ‘माझ्या उद्धाराच्या देवा’ अशी आहे. अशा दिवशी तेवढी हाक मारून गप्प बसले तरी चालते.

आपला,
एक वाचक