रोल धुवायला टाका, पण निगेटिव्ह परत मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हल्ली कॉलेजची पोरं गळ्यात फिल्म कॅमेरा अडकवून फिरताना दिसतात, मला मनापासून आनंद होतो, पण त्यातलीच एक गोष्ट बघून जीव तुटतो म्हणून हे पत्र. माझ्या भाचीने राजमाचीला कोडॅक गोल्ड २०० चा एक रोल संपवला, ३६ फोटो, प्रत्येक विचार करून काढलेला. रोल एका लॅबमध्ये धुवायला टाकला, चार दिवसांनी मोबाईलवर लिंक आली आणि ती खूश. मी विचारलं निगेटिव्ह, म्हणजे ज्या मूळ पट्टीवर फोटो उमटतात त्या धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या, कुठायत, तर म्हणाली "मामा, फोटो आलेत ना, त्यांचं काय करायचं?" तरी फोन करायला लावला. पंधरा दिवसांत कोणी न्यायला आलं नाही म्हणून टाकून दिल्या असं उत्तर मिळालं. पावतीवर याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अहो, लिंकवर येतो तो स्कॅन. स्कॅनरवाल्याने त्या दिवशी घाईघाईत ठरवलेला रंग आणि उजेड. तिच्या निम्म्या फोटोंत आकाश पांढरंफटक आलंय, पण कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सहन करते, त्यामुळे ढग निगेटिव्हमध्ये असण्याची चांगलीच शक्यता होती. परत नीट स्कॅन केलं असतं तर मिळाले असते. आता कुठून आणणार?

ही मुलं फिल्म निवडताना मात्र किती बारकाईने बघतात! गोल्डचा पिवळसर ऊबदार रंग हवा, माणसांचे चेहरे काढायचे तर पोर्ट्रा ४००, एक्टार १०० वर लाल-निळा भडक येतो पण चेहरे लालसर होतात, इल्फर्डची ब्लॅक अँड व्हाइट एचपी५ पावसाळी अंधारात ८०० किंवा १६०० धरून (म्हणजे आहे त्यापेक्षा कमी उजेडात चालणारी समजून) वापरायची आणि लॅबला तसं सांगून जास्त वेळ धुवून घ्यायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मग एवढे पैसे मोजून घेतलेला तो गुण ज्या पट्टीवर उतरलाय तीच कचऱ्यात कशी जाऊ देतात? स्लाइड फिल्म वापरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण तिथे धुतलेली पट्टी हाच फोटो, व्हेल्विया ५० उजेडासमोर धरली की सह्याद्रीचा हिरवा दिसतो. निगेटिव्ह नारिंगी आणि उलटी दिसते म्हणून बिचारीला किंमत नाही.

माझ्या वडिलांकडे क्लिक थ्री कॅमेरा होता, आग्फाचा, बडोद्यात बनायचा, १२० नंबरच्या रुंद रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यात बऱ्याचदा इंदू फिल्म असायची, म्हणजे आपल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, उटीच्या कारखान्यातली. १९७४ चा एक फोटो आहे, आमच्या जुन्या घराचं दार, प्रिंटमध्ये आतला भाग नुसता काळा. गेल्या वर्षी निगेटिव्ह सापडली ती मुद्दाम सावलीतलं उघडेल अशी स्कॅन केली तर उंबऱ्याच्या आत आजी बसलेली दिसली, हातात सूप. पन्नास वर्षं तो प्रिंट भिंतीवर होता आणि ती तिथे आहे हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. उटीचा कारखाना बंद पडला, ती फिल्म आता बनत नाही, जे काही उरलंय ते घराघरातल्या डब्यांत.

आणि ज्यांच्याकडे जुने न धुतलेले रोल पडलेत त्यांनीही वाट बघू नये. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म १९३५ पासून चालली, २००९ मध्ये बनणं थांबलं आणि अमेरिकेत कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या डिसेंबरअखेर ती घेणं बंद केलं. आज कोणाकडे तसा रोल निघाला तर फार तर ब्लॅक अँड व्हाइट चित्र येईल, कारण त्या फिल्ममध्ये रंग धुताना भरायचे आणि ती पद्धत आता कुठल्याच लॅबमध्ये चालत नाही. पण वेळेत धुतलेल्या कोडाक्रोम स्लाइड अंधारात ठेवल्या तर रंग वर्षानुवर्षं टिकवून असतात.

माझं मागणं फार नाही. लॅबवाल्यांनी रोल घेतानाच निगेटिव्ह हव्यात का ते विचारावं आणि किती दिवस ठेवणार ते पावतीवर लिहावं. आणि दिवाळीच्या साफसफाईत जुने अल्बम काढाल तेव्हा पाकिटातल्या पट्ट्या फेकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला तर फिल्मच खराब होतेय असं समजा, त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि आधी त्यांचं स्कॅन करून घ्या. बाकीच्या कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या तरी पुष्कळ. डबा माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं.

भाचीने पुढचा रोल कालच टाकला. या वेळी डबीवर कागद चिकटवलाय, "निगेटिव्ह न्यायला येणार आहे, टाकू नका", आणि खाली स्वतःचा नंबर.

आपला,
एक वाचक, पुणे