पक्या, नववीचं काय करायचं?

पुणे, 25 मे 2025

पक्या,

फोनवर हे बोलणं होणार नाही म्हणून लिहायला बसलोय, फोनवर तू मध्येच सुरू होतोस आणि मग बडोद्याचा ट्रॅफिक आणि तुझा बॉस यातच अर्धा तास जातो. आई बरी आहे, गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात, मे महिन्यातच पावसाने झोडपून काढलंय. झालं घरचं. आता नीट ऐक.

मागच्या आठवड्यात मंगळवारी चिमी आली होती मंडळात. आपली चिमी रे, जिच्यासाठी तू घरमालकाच्या पायरीवर ठाण मांडून बसला होतास. आता माझ्या खांद्याला लागते. आठवीची मार्कशीट आणली होती दाखवायला, गणितात 91, सायन्सला 88, आणि मला वाटलं पेढे द्यायला आलीये. तर मार्कशीटच्या खालून तिने शाळेचं पत्र काढलं आणि काही न बोलता टेबलावर ठेवलं. आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या मोफत जागेचा प्रवेश इयत्ता आठवीअखेर संपतो, नववीत पुढे शिकायचं असेल तर नियमित फी भरावी लागेल, पहिला हप्ता 14 जूनपर्यंत. वर्षाचे 72 हजार. बस वेगळी. मी पत्र वाचत होतो आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीवरचा ढोलपथकाचा फोटो बघत होती, त्यात तू आहेस, ताशा उलटा धरलेला. नंतर म्हणाली, "काका, आईला अजून दाखवलं नाहीये."

हे वाचून तुला काय होईल ते मला माहितीये, म्हणून तुलाच लिहितोय. इथे कोणाला सांगितलं तर लगेच "अरे कायदाच सहा ते चौदा वयाचा आहे, शाळेची काय चूक" असं सुरू होतं. शाळेची चूक नाहीच, मी कुठे म्हणतोय आहे म्हणून? 2009 चा कायदा, पंचवीस टक्के जागा, पहिली ते आठवी. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आलो, चांगल्या बोलल्या, चहा दिला. त्यांचं म्हणणं सरकार एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये देतं आणि तेही वर्षानुवर्षं थकलेलं असतं, नववीला तर तेवढंही नाही, मग आम्ही किती ओढायचं. यात खोटं काय आहे? कायदा त्याच्या जागी बरोबर, शाळा तिच्या जागी बरोबर, आणि पोरगी मात्र अर्ध्या जिन्यावर आणून सोडल्यासारखी.

2017 चा तो उन्हाळा आठव. मंडळाच्या खोलीत एक लॅपटॉप, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट, बाहेर आरटीईचे फॉर्म भरायला बायकांची रांग, कडेवर पोरं. उत्पन्नाचा दाखला लाखाच्या आत पाहिजे, जन्मदाखला पाहिजे, आणि सगळ्यांचं घोडं अडायचं ते भाडेकरारापाशी, कारण दहा बाय दहाची खोली देणारा मालक रजिस्टर करार कशाला करून देतोय. बाकीच्यांना आपण समजावून सांगत होतो आणि तू चिमीच्या मालकाकडे जाऊन बसलास. तो बिचारा शेवटी वैतागून आला रजिस्ट्रारकडे, येताना म्हणाला हा वकील आहे का, आणि तू एलएलबीच्या पहिल्या वर्षात गटांगळी खाल्लेला माणूस मान डोलावून हो म्हणालास! नकाशावर घराचा तो लाल फुगा बरोबर जागी लावण्यावरून आपण दोघं भांडलो होतो, कारण वस्तीतली गल्ली नकाशात दिसायचीच नाही आणि फुगा थोडा इकडे तिकडे झाला की पडताळणीत फॉर्म बाद.

शाळेवरूनही भांडलो होतो. तुझं म्हणणं जवळची घ्या, पोरगी चालत जाईल. माझं म्हणणं मैदान आणि लायब्ररी असलेली घ्या. मी आजही तेच म्हणेन, ती जिल्ह्याला कबड्डी खेळून आली गेल्या वर्षी. हे वाचून चिडू नकोस, चिडलास तर चीड.

तर आता मंडळाचं सांगतो, खरा ताप तिकडेच आहे. गेल्या रविवारी मीटिंग झाली. यंदा आठवी संपलेली आपल्याकडची चार मुलं आहेत, चिमी, ते दोघं भाऊबहीण, आणि पीठगिरणीवाल्याकडे कामाला आहेत त्यांचा मुलगा. पुढच्या वर्षी नऊ, कारण 2018 ला आपण जोरात होतो. खजिनदार म्हणाला आपण फॉर्म भरून देतो, फी भरत नाही, एकदा भरली की दरवर्षी गळ्यात. जमाखर्च मांडला त्याने, वर्गणी किती, मांडव किती, ढोलांची पानं बदलायचीत ते किती. तो वाईट माणूस नाही, हिशोब चोख आहे त्याचा, पण मला बोलणं लागलं. मी म्हणलं, पोरांना त्या दारात आपण नेलंय ना, मग हात वर करून कसं चालेल?

मग आपला बंड्या उठला. त्याच्याकडे सगळ्यावर तोडगा असतो तसा होताच. सुप्रीम कोर्टाने महापालिकेच्या निवडणुका घ्या म्हणून सांगितल्यापासून सगळे इच्छुक जागे झालेत, 2022 पासून नगरसेवकच नाहीत त्यामुळे उपवासच होता त्यांचा. त्यातला एक जण चारही मुलांची वर्षाची फी द्यायला तयार आहे. रोख. फक्त चौकात फ्लेक्स, मुलांचे फोटो, आणि गणपतीत स्टेजवर चेकवाटप. निम्मी मीटिंग लगेच राजी. पक्या, मला तेव्हा काय वाटलं सांगू, चिमीच्या वर्गातली पोरं त्याच चौकातून स्कूलबसने जातात. चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा दहा बाय आठच्या फ्लेक्सवर, वर "गरजू विद्यार्थिनीस मदतीचा हात", ती शाळेत कुठल्या तोंडाने जाईल? तिला विचारलं मी दुसऱ्या दिवशी, न विचारता नाही म्हणणंही बरोबर नव्हतं. ती म्हणाली, "फोटो असेल तर मला मराठी शाळेत घाला." संपला विषय.

आणि मराठी शाळा हा मार्ग आहेच, मी तो डोळ्याआड करत नाहीये. अनुदानित शाळेत मुलीला फी नाही, सेमी इंग्लिश घेतलं तर गणित विज्ञान इंग्लिशमधूनच. पण इतिहास, भूगोल मराठीतून लिहायचे आणि दोन वर्षांत बोर्ड. ती बोलते फाडफाड, लिहायला लागली की जोडाक्षरांशी अडते. आपल्या निवृत्त बाई म्हणाल्या मी रोज संध्याकाळी तास घेते, पैसे नकोत, मला फक्त पंखा दुरुस्त करून द्या. दुरुस्त करून घेतला. पीठगिरणीवाल्याकडच्या मुलाने ठरवलंच आहे तिकडे जायचं, तो बसतो बाईंकडे, खूश आहे.

शिष्यवृत्त्यांची सगळी दारं ठोठावून झाली. एनएमएमएस बघ, आठवीत परीक्षा, नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12 हजार, चिमी आरामात काढेल. पण ती फक्त सरकारी, अनुदानित आणि पालिकेच्या शाळांतल्या मुलांना! खाजगी शाळेतली म्हणून ही बसूच शकत नाही. महापालिकेची 15 हजारांची आहे तर ती दहावी पास झाल्यावर. म्हणजे आठवीपर्यंत कायदा, दहावीनंतर शिष्यवृत्ती, आणि मधली दोन वर्षं कोणाचीच नाहीत. त्याच दोन वर्षांत तर पोरी घरी बसतात रे, तू आणि मी वस्तीत वाढलोय, कोणाकोणाच्या बहिणी नववीतून घरी बसल्या ते नावं न घेता तुला माहितीये.

2019 ला शैक्षणिक धोरणाचा मसुदा आला होता, त्यात हा कायदा तीन ते अठरा वयापर्यंत न्यावा असं लिहिलं होतं, तू बातमीचं कात्रण मंडळाच्या फळ्याला लावलंस. त्याच वर्षी सप्टेंबरात आंबिल ओढ्याचा पूर आला. तांगेवाला कॉलनीतल्या लोकांचे दाखले, आधार, रेशनकार्ड सगळं चिखलात, आणि आपण मंडळाच्या पत्र्यावर लोकांची कागदं वाळत घातली होती, कात्रणही त्यातच गेलं. धोरण आलं, कायदा आहे तिथेच आहे. गेल्या वर्षीचा गोंधळ तर तुला फोनवर सांगितलाच होता, फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगीला आरटीई नाही, मग 6 मे ला हायकोर्टाची स्थगिती, परत सगळे फॉर्म, मग 19 जुलैला नियमच रद्द. लोक म्हणाले कोर्टाने न्याय दिला. दिलाच. पण धुण्याभांड्याची कामं सोडून परत फॉर्म भरायला बायकांना घरोघर जाऊन कोणी बोलावून आणलं? आपल्याच पोरांनी. ढोल वाजवणाऱ्या, टवाळ म्हणून हिणवलेल्या पोरांनी. मला त्या पोरांचा फार अभिमान आहे, तुला सांगतो.

म्हणून मला हे काम फॉर्मपाशी थांबवायचं नाहीये. माझ्या डोक्यात आहे ते असं. चारही मुलांना आणि त्यांच्या आईवडलांना बसवून विचारायचं, राहायचं की शाळा बदलायची, त्यांचं त्यांनी ठरवायचं. बदलणाऱ्यांना बाईंचा तास आणि पुस्तकं. राहणाऱ्यांची निम्मी फी मंडळाने उचलायची, दोनच वर्षं, दहावीपर्यंत, बाकी निम्मी घरच्यांनी हप्त्याने. मुख्याध्यापिकाबाई हप्ते बांधून द्यायला तयार आहेत, ट्रस्टींशी थोड्या सवलतीचंही बोलते म्हणाल्यात. फोटो नाही, फ्लेक्स नाही, पावती मिळेल आणि गणपतीच्या जमाखर्चात एक ओळ येईल, नावाशिवाय. आणि यापुढे जानेवारीत फॉर्म भरतानाच प्रत्येक आईला सांगायचं की हे आठवीपर्यंत आहे, नववीसाठी महिन्याला शंभर रुपये का होईना पोस्टात टाकत जा.

पोरीच्या आईला शेवटी मीच सांगितलं, चिमी शेजारी उभी होती. ताईंनी हात पुसले, पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "आणखी एक घर धरते. सकाळचं सहाचं मिळतंय सोसायटीत." चार घरं करते ती बाई आत्ताच. चिमी तिथल्या तिथे ओरडली आईवर, मी मराठी शाळेत जाते म्हणून, मग दोघी रडल्या, मी बाहेर येऊन उभा राहिलो. अजून ठरलेलं नाही तिचं. मला वाटतं तिला राहायचंय आणि आईसाठी ती नाही म्हणतेय, आणि हे तिच्याकडून काढून घ्यायला तू पाहिजेस. तुझ्याशी ती बोलेल. तुला ती अजून "वकीलकाका" म्हणते.

तुझ्या लेकीचा सीबीएसईचा निकाल कळला, वहिनींनी स्टेटस टाकलं होतं, भारी! सायन्स घेतेय का? घराचं पझेशन मिळालं का, आणि कंबर दाखवलीस का कोणाला? दाखव.

पुढची मीटिंग 1 जूनला, संध्याकाळी सात वाजता. खजिनदार तुझं ऐकतो, माझं ऐकत नाही, मी बोललो की त्याला वाटतं ढोलांच्या पैशांवर डोळा आहे. त्याला त्याआधी फोन कर, पण "तुला अक्कल नाही" अशी सुरुवात करू नकोस, मागच्या वेळी त्याने दोन महिने तोंड फिरवलं होतं. नऊ मुलांचा पुढच्या वर्षीचा आकडा त्याला माझ्याकडून आधीच कळलाय, तेव्हा तो लपवू नकोस, उलट त्यावरच बोल. आणि चिमीला शनिवारी दुपारी फोन कर, तेव्हा आई कामावर असते, मोबाईल तिच्याकडे असतो. तिचं काय ते कळलं की मला लगेच सांग, कितीही वाजू देत.

तुझा,
दिन्या

ता.क. तू पैसे पाठवशील हे मला माहितीये, पण आधी फोन, मग पैसे, आणि पाठवशील ते मंडळाच्या खात्यावर, माझ्या नाही. पावती खजिनदाराच्या सहीची मिळेल.