खोड्यात घालण्याआधी जनावराकडे बघा

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आजारी जनावर टेम्पोतून उतरतं तेव्हाच पुष्कळ काही सांगत असतं. कान पडलेले, पाठ कमानलेली, एका पायावर भार टाकायला तयार नाही. आमच्या भागातल्या दवाखान्यात मात्र ते बघायला कुणी थांबत नाही. वेसण ओढायची, शेपूट पिरगाळायची, खोड्यात, म्हणजे जनावर जखडून ठेवायच्या चौकटीत, घालायचं आणि मग थर्मामीटर लावायचा. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून ओढत आणलेल्या, भेदरलेल्या म्हशीचं तापमान नि नाडी वाढलेलीच असणार. त्यातला आजार किती, ऊन किती आणि भीती किती, हे कसं कळावं?

गाय-म्हैस मुळात शिकार होणारी जात. कळपात दुबळं दिसलं की जिवावर बेततं, म्हणून ती दुखणं झाकते, अनोळखी माणसासमोर तर जास्तच. खऱ्या खुणा गोठ्यात दिसतात. रवंथ कमी होतो, ती एकटी उभी राहते, दात खाते. गरीब गाय एकाएकी धारेला लाथ मारू लागली, तर तिला मारकी ठरवण्याआधी कास तपासायला हवी. बऱ्याचदा तो कासदाह असतो. गोठा सांभाळणाऱ्या बाईला हे सगळं ठाऊक असतं. तिला विचारतं कोण?

कुत्र्यामांजरांचंही तसंच. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतो आणि थेंबच गाळतो, ती खोड नसते. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. मवाळ कुत्रं अचानक चावरं झालं तर रेबीजची शंका घ्यावीच लागते, आणि तिथे माणसांचाही जीव पणाला असतो.

माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय नागपुरातच आहे, पशुवैद्यक महाविद्यालयही १९५८ पासून इथे आहे. डॉक्टरांच्या आधी जनावराला हात लावणाऱ्या परिचर आणि व्रणोपचारकांना (मलमपट्टी करणाऱ्यांना) तिथे हाताळणी शिकवा. गायीला थेट मागचं दिसत नाही; तिच्या बाजूने, खांद्याच्या जरा मागून तिच्या दिशेने सरकलं की बहुधा ती शेपूट न पिरगाळताच चालू लागते. दवाखान्यासमोर सावली आणि पाणी द्या. तपासणीआधी जनावर थोडा वेळ मोकळं उभं राहू द्या. आणि केस पेपरवर एक रकाना वाढवा: ‘वागण्यात काय बदल दिसला, कधीपासून?’

येत्या उन्हाळ्याआधी निदान नागपूर जिल्ह्यात तरी याची सुरुवात व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक पशुपालक
कळमेश्वर तालुका, जि. नागपूर